आधी स्टूल

फुलंब्रीच्या बसमध्ये पुढच्या सीटवर दोघी होत्या. अंगात एकाच किराणा कंपनीचे हिरवे टी-शर्ट.

"निशा, तू त्या मॉलमध्ये कामाला जाणार होतीस ना?"

"व्हय मावशी. इथं लई कटकट. दर महिन्याला नवं दुकान, दर आठवड्याला रॅक हलवा, सुट्टीचा पत्ता नाय."

"खरंय. पण मी मीटिंगमध्ये उभं राहून गुडघे दुखतात म्हणाले, तर साहेब स्वतः दिवसभर बिलिंगला उभे राहून बघायला आले. दुसऱ्या दिवशी स्टूल आलं."

"आता नव्या दुकानात आधी तुमचं स्टूलच येतं."

"मग मॉलचं काय झालं?"

"पगार जास्त होता. मी विचारलं, काउंटरला बसायला मिळंल का? नाय म्हणाले."

"मग?"

"मुलाखतीला तेवढी खुर्ची दिली होती. तिच्यावरून उठले आन् आले."