आक्काबाई बोरसे रांधा येथे मिळून आल्याबाबत

जबाब देणार: गोकुळ नथू बोरसे, वय ३६ वर्षे, धंदा खासगी नोकरी (धागा कंपनीत मशीन ऑपरेटर), सध्या राहणार डोकमर्डी, सिल्वासा. मूळ राहणार तालुका शिंदखेडा, जिल्हा धुळे.

मी पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून, विचारल्यावरून सांगतो की, मी वरील ठिकाणी माझी आई आक्काबाई, वय अंदाजे ७० वर्षे, हिच्यासह भाड्याच्या खोलीत राहतो. माझे लग्न झालेले नाही. वडील हयात नाहीत. ते गावी सालदार होते व आम्ही मालकाच्या मळ्यातल्या खोलीत राहत असू. ते वारल्यावर ती खोली नव्या सालदाराला मिळाली. गावी आमचे घर किंवा जागा नाही. मी इकडे कामाला लागल्यावर आईला घेऊन आलो.

आमची चाळ पाडून तिथे इमारत होणार आहे. महिनाअखेर खोली खाली करायची आहे. घरमालकाने पुरेशी मुदत दिली होती, त्यांच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. मी राखोली, डोकमर्डी व आसपास खोल्या पाहिल्या. मला रातपाळी असते. हे समजल्यावर, "तुम्ही नाइटला जाणार, मागे म्हातारीला काही झालं तर आम्ही काय करायचं," असे म्हणून नकार मिळत गेला. एका ठिकाणी खोली ठरली होती, पण आईला पाहिल्यावर त्यांनी चावी परत घेतली. कंपनीने मला कामगारांच्या हॉलमध्ये एक खाट देऊ केली. तिथे बायकांना परवानगी नाही.

मी एका वृद्धाश्रमात चौकशी केली. तिथे निराधारांनाच घेतात. मुलगा कमावता असल्याने घेता येणार नाही, असे त्यांनी सांगितले. हे मी घरी येऊन आईला सांगितले. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "बरोबरच आहे त्यांचं. मी कुठे निराधार आहे?" त्यानंतर त्या विषयावर आमचे बोलणे झाले नाही.

काल सकाळी मी रातपाळी करून येऊन झोपलो. दुपारी उठलो तेव्हा आई खोलीत नव्हती. जेवण झाकून ठेवलेले होते. पाणी भरलेले होते. तिची पिशवी व दोन लुगडी नव्हती. तिचा फोन फळीवर होता. शेजारी विचारले, कोणाला माहीत नव्हते. मी बसस्टँडवर, मंदिरात व सिव्हिल हॉस्पिटलमध्ये शोध घेतला. त्यानंतर दमणगंगेच्या पुलावर गेलो व खालच्या काठाने चालत गेलो. नदीकडे का गेलो, असे मला तक्रार देताना विचारण्यात आले होते. तेव्हा मी उत्तर दिले नव्हते. आजही देत नाही.

सायंकाळी मी ठाण्यात येऊन आई हरवल्याची तक्रार दिली.

आज सकाळी रांधा गावचे काळू नावाचे गृहस्थ ठाण्यात आले. त्यांची मावशी मंजुळाबाई रांध्याला एकटी राहते, तिच्या घरात कोणी अनोळखी म्हातारी घुसली आहे, असे त्यांचे म्हणणे होते. हेड कॉन्स्टेबल नलिनी मॅडम यांनी वर्णन विचारले व मला फोन करून बोलावून घेतले. आम्ही तिघे पोलीस गाडीने रांध्याला गेलो.

घराच्या ओट्यावर माझी आई बसलेली होती. तिच्या मांडीवर मंजुळाबाईंचे डोके होते व ती त्यांच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घालत होती. तिने मला पाहिले. म्हणाली, "थांब जरा, हलल्या तर थेंब गालावर जातो." थेंब घालून होईपर्यंत आम्ही सर्वजण अंगणात उभे राहिलो. मॅडमही उभ्या राहिल्या.

मंजुळाबाईंची व आईची ओळख मागील वर्षी सिव्हिल हॉस्पिटलात डोळ्यांच्या ऑपरेशनच्या वेळी झाली होती. दोघींच्या खाटा शेजारी होत्या. आईला चांगले दिसू लागले. मंजुळाबाईंना उजेड-अंधार एवढेच कळते. घरी जाताना त्यांनी आईला, कधी रांध्याला ये, असे सांगितले होते.

मॅडमनी आईला विचारले, "आजी, मुलाला न सांगता का आलात?"

आई अहिराणीत बोलली, ते मी मराठीत सांगतो. "सांगितलं असतं तर तो सोबत आला असता. मुलगा सोबत असला की लोक मुलाशीच बोलतात. राहायचं मला आहे. मग विचारायचं पण मीच."

"काय विचारलं?"

"म्हटलं, मला जागा नाही, तुला दिसत नाही. मी तुझ्याकडे राहू का. स्वयंपाक करीन, औषध घालीन, हाताला धरून नेईन. नको असेल तर नको म्हण, मी राग धरणार नाही. ती म्हणाली, विचार करते. मी ओट्यावर बसले."

मंजुळाबाई म्हणाल्या, "दिवस मावळेपर्यंत बसली. पाणी मागितलं नाही, रडली नाही. मी नको बोलली असती तर ही पिशवी घेऊन खरंच उठली असती. म्हणून मी आत ये बोलली."

काळूभाई म्हणाले, "मॅडम, बाहेरची बाई आहे. आज राहील, उद्या जागेवर नाव लावील. आमच्याकडे असं झालेलं आहे."

मला राग आला व मी पुढे झालो. आईने मला हाताने मागे केले. ती काळूभाईंना म्हणाली, "तू भितो ते बरोबर आहे, बाबा. मी सगळा जन्म दुसऱ्याच्या घरात काढला. दुसऱ्याचं ते दुसऱ्याचं, हे माझ्याइतकं कोणाला कळतं? ही म्हणेल त्या दिवशी मी निघेन. तू म्हणशील तिथे अंगठा देते."

मंजुळाबाई म्हणाल्या, "काळू, तू चांगला आहेस. रोज भात पोचवतो. पण भात ठेवून तू जातोस. काल किती दिवसांनी मी कोणाशी बोलत बोलत झोपली. माझा घर हाय. मी हिला ठेवली."

काळूभाई त्यांच्या घरी गेले व डोक्यावर खाट घेऊन आले. खाट आत ठेवून त्यांनी मला बाजूला घेतले. मागची भिंत पावसात ओलावते, कौले चाळायला एकट्याने होत नाही, रविवारी येशील का, असे विचारले. मी हो म्हणालो. त्यांनी आपली तक्रार मागे घेत असल्याचे मॅडमना माझ्यासमक्ष सांगितले. घरात राहणाऱ्या व्यक्तीची माहिती ठाण्यात द्यावी लागते, ती मॅडमनी तिथेच उतरवून घेतली.

मी आईला, घरी चल, असे म्हणालो नाही. म्हणणार होतो. पण कोणत्या घरी, ते मला सांगता आले नसते. मी तिच्यासाठी एवढ्या ठिकाणी फिरलो, पण तिला काय काय येते हे कुठेच सांगितले नाही. सगळीकडे तिचे वय सांगितले.

मिळून आलेली व्यक्ती नातेवाइकाच्या ताब्यात दिली, असे लिहायचे असते, हे मॅडमनी समजावून सांगितले. त्यावर आई म्हणाली, "ताब्यात नका लिहू, बाई. मी काय चोरीचा माल सापडलेय का? मी इथे राहते. त्याला जेवायला यायचं असेल तेव्हा येईल." मॅडम हसल्या. मंजुळाबाईही हसल्या. सबब आईला माझ्या ताब्यात देण्यात आलेले नाही. ती स्वखुशीने व घरमालकिणीच्या संमतीने तिथे राहत आहे.

कालच्या तक्रारीत मी, आई घर सोडून निघून गेली, असे सांगितले होते. ते चूक आहे. ती घर शोधायला गेली होती. एवढी दुरुस्ती नोंदवावी. माझी आता कोणाविरुद्ध काही तक्रार नाही.

मी बोललो तसा हा जबाब मराठीत टाइप करून मला ऐकवण्यात आला. त्यात कमीजास्त काही नाही. कोणी दबाव आणला नाही. खरा आहे म्हणून खाली सही करतो.

(सही) गोकुळ नथू बोरसे