हुकमाचा विळा

सौंसरला बसच्या रांगेत माझ्यापुढे दोन जावा उभ्या होत्या. धाकटी मंगला थोरलीस स्वतः रचलेली कथा ऐकवीत होती.

“वनदेवीनं मजुरणीले विळा देल्ला. तो धरून हुकूम सोडला का साऱ्याइले ऐकाच लागे.”

“मी तं मालकालेच कापूस वेचाले लावलं असतं!”

“तिलेबी तेच वाटलं, जाऊबाई. पन विळा उचलला अन् तिची सोताची पोरगी थरथराले लागली.”

“मंग फेकला?”

“फेकला तं दुसरा कोनी उचलन. तिनं एकच हुकूम सोडला, ‘आजपासून कोनाचाच हुकूम भिऊन ऐकू नका.’ आता त्या विळ्यानं ती गवत कापते.”

तेवढ्यात एक गडी मागून ओरडला, “सरका बायांनो, मालक येऊन राहिले!”

थोरलीनं वळून रांगेच्या शेवटाकडे बोट दाखवलं. “येऊ दे ना! रांग तिकडून सुरू होते म्हना त्याइले.”

मी तसूभरही हलले नाही. मालक रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले.