सोड्याची तिसरी चिमूट

"हॅलो?... हाव, काजल, मीच... हो, हो, बरणी समोरच हाय. लाइट लावला... अवं आयक ना, हात तं पुसू दे!"

सुलोचना हिंगणी गावातल्या घरात, ओट्याजवळ स्टूल ओढून बसली. रविवारी लेक बोर धरणातलं पाणगवत काचेच्या बरणीत घालून गेली होती आणि आता वर्ध्याच्या होस्टेलमधून आईला राबवत होती. उद्या कॉलेजात हा प्रयोग सांगायचा होता.

"निघून राह्यले ना बुडबुडे... बारीक, मोत्यावानी... ऑक्सिजन? आपन श्वासात घेतो तोच?... अवं बाई!"

खायचा सोडा टाकला की पाण्यात झाडाला कार्बन डायऑक्साइड जास्त मिळतो, मग ते भराभर अन्न बनवतं आणि बुडबुडेही जास्त सोडतं, असं काजलनं समजावलं होतं. पहिल्या चिमटीला बुडबुडे वाढले. दुसरीला आणखी वाढले.

"हे घे, तिसरी टाकली... थांब जरा, तूच म्हनली ना थांबजो म्हनून... नाई वो. तेवढेच हायेत... मेलं कायचं, हिरवंगार हाय!... काजल? रडून काऊन राह्यली?... काय? वाढले म्हनून लिहून टाकू?... नाई. जे दिसलं तेच लिहिजो."

तिकडे हुंदके चालूच. सुलोचनाची नजर मात्र बरणीवरून हलेना. ताट तर भरून वाढलंय, मग हे जेवत का नाही?

"मले एक सांग. सोडा तं भरपूर झाला. मंग आता दुसरं काय कमी पडून राह्यलं त्याले?... मले काय इचारतं, कॉलेजात तू जातं!... काय? उजेड?"

बाहेर अंधारून आलं होतं. तिनं टेबललॅम्प पार बरणीजवळ सरकवला आणि बुडबुडे मोजत बसली.

"अवं काजल! सुटले! एकामागं एक, एकामागं एक!... हाव, उजेडच अपुरा होता... हास, हास आता. हेच सांगजो उद्या, तिसऱ्या चिमटीले काऊन अडलं ते... बरं, आता चौथी टाकली तं? वाढन?... तुले बी नाई माहीत? मंग पाहू ना!... बाबा? येतीन वावरातून, भाकरीले वेळ हाय... नाई, तू बोलूच नको आता, माही गिनती चुकून राह्यली. ठेव फोन!"

आणि लेक काही म्हणायच्या आत तिनंच ठेवला.