सुईणीला सगळं गाव माहीत

...आणि वर मलाच म्हणतात, खुनी! मी? अहो, घरात झुरळ दिसलं तर मी आधी त्याला 'जा ना बाबा' म्हणते आणि मग दादाला हाक मारते, आणि मी म्हणे एका दुपारीत तिघांना खलास केलं! तुम्हीच सांगा, मी काय केलं? मी फक्त माहिती दिली!

नाही, थांबा, नीट सांगते, नाहीतर तुम्हालाही वाटेल की... तर दर रविवारी आमचा खेळ असतो. टेबलावरचा. पत्ते नाहीत, कॅरम नाही. यात प्रत्येकाने एक पात्र व्हायचं, सरदार, चोर, जादूगारीण, आणि खेळ चालवणारा सांगत जातो की समोर दरी आली, राक्षस आला, बोला, काय करता? मग वीस तोंडांचा फासा टाकायचा. मोठा आकडा आला तर जमलं, लहान आला तर भोगा. आमचा खेळ चालवतात ते सर. शाळेत विज्ञान शिकवतात, त्यामुळे आवाज कायम 'मागच्या बाकावरचे, उभे राहा' असा. जागा डॉक्टरांची. दातांचे डॉक्टर, दादाचे मित्र. रविवारी दवाखाना बंद, म्हणून बाहेरच्या खोलीत, त्या एकमेकींना जोडलेल्या खुर्च्यांवर, किडलेल्या दाढेच्या तक्त्याखाली आम्ही बसतो. आणि एक पद्धत आहे हं आमच्यात... ज्याचं पात्र मेलं त्याने उठून आतल्या खोलीत जायचं, दात काढायच्या खुर्चीत आडवं व्हायचं आणि खेळ संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही. दात काढायच्या खुर्चीत तोंड उघडायचं नाही! कुणाच्या डोक्यातून निघतं हो हे?

तर पात्र करताना प्रत्येकाने एक कसब निवडायचं. दादाने तलवारबाजी घेतली होती, डॉक्टरांनी कुलपं फोडणं घेतलं, आमच्या आतेबहिणीने जादू घेतली, आणि मी घेतली 'स्थानिक माहिती'. म्हटलं, तलवार घेतली तर लागणार कुणाला तरी. माहितीने काय कुणी मरतं? सुईण झाले मी, गावातली. सुईणीला सगळं गाव माहीत असतं. आणि एम.ए. माझं भूगोलात!

कसलं काय. हे तिघं आमच्या गावात आले, किल्ल्याकडचा रस्ता कुठला म्हणाले. मी म्हटलं, मला ठाऊक असेल ना सर? सर म्हणाले, "फासा टाक." आले तीन. "तुला माहीत नाही." अहो, पण मी इथेच जन्मले! "विसरलीस." बरं, बाजार? "फासा टाक." चार. माहीत नाही. माझं घर? दोन! म्हणजे मी स्वतःच्या गावात स्वतःचं घर शोधत फिरतेय आणि डॉक्टर म्हणतात, "जन्मल्याबरोबर हिने घाबरून डोळे मिटले असतील, ते अजून उघडले नाहीत." आतेबहीण म्हणाली, "भूगोल झालाय हिचा, दिशा राहिली." आणि दादा, माझा सख्खा दादा, सगळ्यांसमोर म्हणाला, "चिमे, तीन रविवार तू नुसती मान हलवतेयस. आज काही कामाचं बोलली नाहीस ना, तर पुढच्या वेळी तुझ्या खुर्चीत डॉक्टरांची रिसेप्शनिस्ट बसेल. ती निदान हसते तरी."

आठवड्यातनं एकदा मी घराबाहेर अशी बसते हो, ऑफिस सोडून. ती एक खुर्ची, आणि तिचाही एक पाय हलतो.

तेवढ्यात सरच वैतागले. त्यांनी किल्ल्याची खोली अन् खोली रंगवून आणली होती आणि गावाचं काहीच ठरवलं नव्हतं. ते म्हणाले, "नवा नियम. फाशावर दहाच्या वर आलं की गावाबद्दल हीच सांगेल. आणि ही सांगेल ते खरं. मलाही बदलता येणार नाही."

झालं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि माझ्याकडे कुणी बघितलं ना की मला फक्त वाईटच सुचतं, त्याला मी काय करू?

आतेबहिणीने विचारलं, "सुईणबाई, मी या सराईत खोली घेतलीय. बरी आहे ना?" फासा टाकला, चौदा. मी 'बरी आहे' म्हणणारच होते, पण ती अशी रोखून बघत होती... मी म्हटलं, "तिथे नका राहू."

"का गं?"

"तिथे झोपलेलं माणूस... सकाळी उठत नाही."

"अगं भवाने, मी झोपलेय ना तिथे!"

सर इतके खूश झाले, त्यांनी फासासुद्धा टाकला नाही. सकाळ झाली, ती उठली नाही. पाय आपटत आतल्या खोलीत गेली, खुर्चीत आडवी झाली. आता मी काय केलं? मी फक्त माहिती दिली!

मग डॉक्टर. विहिरीच्या काठावर वाकून मला म्हणतात कसे, "काय हो सुईणबाई, हे पाणी तरी पिण्यालायक आहे, की तेही झोपवतं?" आले सतरा. मी हो म्हणणार होते, अगदी शपथ घेऊन सांगते, ओठांवर आलं होतं. तेवढ्यात आत त्या मेलीने कंटाळून खुर्चीचं पेडल दाबलं, घर्रर्र झालं, आणि मी किंचाळले, "नको!"

"का?"

"आत कुणीतरी आहे!"

"कोण?"

"माहीत नाही, पण... पण ते वर बघतंय!"

आणि डॉक्टर वाकलेले. दोन हात आले म्हणे विहिरीतनं. स्वतःच्या दवाखान्यात, स्वतःच्या पायांनी चालत गेले आत. खुर्ची भरलेली, म्हणून बिचारे चूळ भरायच्या भांड्याशेजारी स्टुलावर बसले.

राहिला दादा. दादा हाच सरदार चार वर्षं खेळतोय हो. आमच्या घरात कुणाचा वाढदिवस लक्षात नसतो त्याच्या, पण या सरदाराला कुठल्या लढाईत कुठे जखम झाली ते तोंडपाठ. अजगराएवढ्या राक्षसाचं मुंडकं उडवलेला माणूस! आणि तो दादा माझ्यापुढे अक्षरशः हात जोडून, "चिमे, बाळा, घाबरू नकोस. रस्ता सरळ आहे. एवढंच म्हण. 'सरळ आहे.' पाणी हवंय? पंखा वाढवू?"

पंखा वाढवू! उभ्या जन्मात त्याने माझ्यासाठी पंखा वाढवला नव्हता. मी फासा टाकला. आणि आले वीस.

सर उठून उभेच राहिले. "वीस म्हणजे संपूर्ण माहिती! एका गोष्टीवर सुटका नाही, तीन सांगायच्या."

"रस्ता सरळ आहे," मी म्हटलं. दादाने श्वास सोडला. "पण..."

"पण नको!" आतनं दोन मेलेले एकदम ओरडले. मेलेल्यांनी बोलायचं नसतं, सरांनी त्यांना दम दिला. आणि तुम्हाला सांगते, त्या 'पण'नंतर सगळी खोली माझ्या तोंडाकडे बघत होती... आणि मला पहिल्यांदाच भीती नाही वाटली.

"...पण वेशीवर तलवार काढून ठेवावी लागते. आणि पुढे गावातली कुत्री आहेत. तशी ती काही करत नाहीत. त्यांना रोज खायला घालणारा एक माणूस आहे, म्हणून. पण तो काल रात्री सराईत झोपला होता."

दादाच्या सरदाराला गल्लीतल्या कुत्र्यांनी खाल्लं. बूटसुद्धा नाही राहिले. घरी परतताना दादा जिन्यात म्हणाला, "राक्षसाने मारलं असतं तर मला चाललं असतं." आता बोला! मी काय केलं? मी फक्त माहिती दिली!

पण खुर्ची राहिली ना माझी! जिवंत एकटी मीच. पुढच्या रविवारी सगळ्यांच्या आधी जाऊन बसले, केस धुऊन. आले तिघं, नवी पात्रं घेऊन. दादा न्हावी, डॉक्टर रात्रीचा पहारेकरी, आतेबहीण परटीण. तिघंही माझ्याच गावचे. आणि तिघांनी तलवार नाही, जादू नाही, सगळंच्या सगळं कसब 'स्थानिक माहिती'त घातलेलं.

परटीण गोड हसून म्हणाली, "सर, इथल्या सुईणीबद्दल मला काही माहीत असेल का हो?" फासा टाकला, अठरा. "हिला बघितलं की बाळं परत आत जातात."

"खरं," सर म्हणाले.

पहारेकरी. सोळा. "रात्री ही स्वतःच्याच सावलीला 'कोण आहे?' विचारते, आणि सावली उत्तर देत नाही कारण तिलाही कंटाळा आलाय."

"खरं."

मग न्हावी. आले एकोणीस. "एकाने हिला दोनदा भेटायला बोलावलं होतं. तिसऱ्यांदा तो बदली मागून गावच सोडून गेला."

अहो, हे खेळातलं नव्हतं! हे मी फक्त घरात सांगितलं होतं, तेही रडत. दादाकडे बघितलं, तर तो त्या किडलेल्या दाढेचा तक्ता वाचत होता.

"खरं," सर म्हणाले.

मी हळूच विचारलं, "सर... गावात माझ्याबद्दल आणखी काय बोलतात, ते मला कळेल का?"

"फासा टाक."

आला एक. सर्वांत लहान. सरांनी चष्मा पुसला आणि अगदी मवाळ आवाजात म्हणाले, "सगळ्या गावाला माहीत आहे. फक्त तुला नाही."

मी म्हटलं, सर, एवढी माहिती मला फासा न टाकताही होती.