राणीचं कफन

आमच्या अब्बांना घाबरवून दाखवायचंच, असं मी ठरवलं होतं बघ. चाळीस वर्षं निजामपुऱ्यात कापड विणायचा लूम चालवलेला माणूस, म्हणे कशालाच भीत नाही! आणि मला तर फ्रेंच भुताटकीच्या सिनेमांचा भारी नाद. मग एका रविवारी भरदुपारी पडदे ओढले, त्यांना शेजारी बसवलं आणि एक जुना, काळापांढरा सिनेमा लावला. धुक्यातला महाल, मेणबत्त्या, आणि जिन्यावरून हळूहळू उतरणारी मेलेली राणी, अंगावर पांढरं कफन. मी तर उशीच तोंडावर धरली.

अब्बा म्हणाले, "थांबव. जरा मागे घे."

मी खूश. "घाबरलात ना?"

"गप. मागे घे."

तीनदा मागे घेतलं. अब्बा उठून टीव्हीला नाक लावून उभे राहिले. "हे बघ, किनारीजवळ उभा धागा तुटलाय, पार खालपर्यंत. सेकंडचा माल आहे हा, खोट निघालेला, स्वस्तात काढतात तो!"

"अब्बा, ती भूत आहे!"

"मग होणारच ना भूत! एवढ्या मोठ्या महालातली बाई मेली, आणि कफन दिलं सेकंडच्या मालाचं. फिरणार नाही तर काय करणार बिचारी?"