सोनाअक्काचे तेरा आणे

मंडळी,

मागे उभे आहेत त्यांनीही पुढे येऊन बसावं, सतरंजी मोठी आहे. हं. एवढी माणसं जमतील असं वाटलं नव्हतं. गिरणीची पाळी संपवून कितीतरी जण तसेच आलेले दिसताहेत. चोपड्याहून दोघे आलेत, धुळ्याची मंडळी दुपारच्या एस.टी.नं आली. सोनाअक्का असती तर तिनं पहिलं विचारलं असतं, जेवले का? आणि नाही म्हणून उठून जायची कोणाची छाती नव्हती.

मला नीट बोलता येईल की नाही, ठाऊक नाही. शाळेत दिवसभर बोलतो, त्याचा पगार घेतो. पण अक्का जाऊन आज दहा दिवस झाले आणि दहा दिवस माझा घास सरळ उतरलेला नाही. काल बायको म्हणाली, अहो, एका जागी बसा तरी! बसवत नाही. आत्ताही बघा, हात कुठे ठेवावा कळत नाही.

नव्या पोरांसाठी थोडं सांगतो. आपल्या अमळनेरच्या स्टेशनामागे, कापसाच्या जिनिंगच्या भिंतीला लागून, अक्काची खानावळ होती. नवरा वारल्यावर एका चुलीवर सुरू केलेली. गिरणीवाले, कॉलेजची पोरं, माझ्यासारखे सडेफटिंग मास्तर, सगळे तिच्याकडे. आणि आमचं बोरीकाठ फुटबॉल मंडळ तर तिच्याच ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीवर खेळलं. मंडळाचा चिटणीस मी. अध्यक्ष आबासाहेब, म्हणजे आज इथं अध्यक्षस्थानी बसलेत तेच.

अक्कानं उभ्या जन्मात एक सामना पाहिला नाही. तरी निकाल तिला सांगावा लागायचा नाही. पोरं चौथी भाकरी मागायला लागली की म्हणायची, "हारनात ना रे? जितनारा पोरे इतली भाकर नही खातस!"

तिच्या पंगतीला एकच कायदा. शेवटच्या पानावर वाढून होईस्तोवर कोणी हात लावायचा नाही. मग ती पदराला हात पुसायची आणि म्हणायची, "हं, लागा आते." तोवर सगळे ताटकळत. गिरणीतला जॉबर असो नाहीतर हमाल असो. मी एकदा भुकेनं घास मोडला. सगळ्यांदेखत ओरडली, "मास्तर, हात!" मी वर्गात पोरांवर असा ओरडत नाही हो!

एकदा चोपड्याचा संघ गाडी चुकून अवचित आला. वरण चौदा जणांचं आणि खाणारी तोंडं पंचवीस. दुसरी कोणी असती तर गुपचूप पाण्याचा तांब्या ओतला असता. अक्कानं भर पंगतीत सांगितलं, "वरण थोडं शे. अर्धी वाटीच भेटी, पन बठ्ठासले भेटी." सगळ्यांच्या पंचवीस वाट्या मोजून अर्ध्या भरल्या. एकही पोरगं कुरकुरलं नाही. हे लक्षात ठेवा मंडळी, मला पुढे लागणार आहे.

मग आम्हाला दुर्बुद्धी सुचली. मोठे सामने भरवायचे! आठ संघ बोलावले. चार बोलावले असते तर आज मी इथं नुसती चार गोड वाक्यं बोलून खाली बसलो असतो. येणाऱ्या संघांना गाडीभाडं आम्ही देणार, जेवण अक्काकडे, चेंडू शिवणार धोंडूआबा, मैदानाला कनाती उस्मानभाईंच्या. सगळं उधारीवर. तिकिटाच्या पेटीत भरपूर जमेल, मग भागवू. आणि झालं काय? अर्धं अमळनेर मैदानाशेजारच्या जिनिंगच्या भिंतीवर चढून फुकट बसलं! हसताय काय, तुम्हीही त्या भिंतीवर होतात. मी पाहिलंय.

पेटी उघडली आणि आमचे चेहरे उतरले. तेवढ्यात जिल्ह्याच्या संघटनेचं पत्र आलं. पाहुण्या संघांचं भाडं पूर्ण चुकतं करा, नाहीतर मंडळाला पुढे कुठेही खेळता येणार नाही. गावातल्या देण्याबद्दल पत्रात अक्षर नव्हतं. आबासाहेबांच्या ओसरीवर बैठक बसली. आम्ही नऊ जण. ठराव झाला. पाहुण्या संघांना रुपयाला सोळा आणे. उरेल ते गावातल्यांना. उरले रुपयाला तीन आणे. ठराव माझ्या अक्षरात आहे. अक्षर सुरेख आहे माझं, चित्रकलेचा मास्तर ना मी!

आणि ठरावात एक वाक्य मी माझ्या मनानं घातलं. "गावातील मंडळी घरचीच असल्याने ती समजून घेतील."

अक्काला कुठून तरी कळलं. ती आली. ओसरीवर चढली नाही, पायरीशीच उभी राहिली. पिठाचे हात तसेच. मी शहाणपणानं म्हणालो, अक्का, पाहुण्याला आधी वाढायचं ही आपलीच रीत ना? तुझ्याच पंगतीत शिकलो.

ती म्हणाली, "पाहुनाले पहिले वाढो ना भाऊ. पन पहिले म्हनजे बठ्ठं का?"

आधी म्हणजे सगळंच का, असं विचारत होती ती.

मग म्हणाली, "वरण कमी पडनं तं मी काय करस, तुमले माहीत शे. मले पूर्ण नको. पन त्यासले सोळा नि मले तीन? घरनी शे म्हनीसन?"

मंडळी, नऊ शिकलेली माणसं बसलेली. त्यात एक वकील. आबासाहेबांनी चहा मागवला. अक्का चहा न घेता गेली. दुसऱ्या दिवशी पोरीला पाठवून तिनं तीन आण्यांच्या हिशेबानं झाले तेवढे पैसे नेले. रागानं परत केले नाहीत, फेकले नाहीत. हक्काचे होते, नेले.

बरं, एवढं करून मंडळ वाचलं का? कसलं काय! खेळायची परवानगी राहिली आणि खेळायला चेंडू राहिला नाही. मी धोंडूआबांकडे गेलो तर म्हणाले, "शिवतो की मास्तर. सोळा टाक्यांच्या जागी तीन घालतो, चालेल?" उस्मानभाईंनी कनाती दिल्या नाहीत. एका हंगामात कुलूप लागलं. आमच्यामागे घरचं कोणी उरलंच नव्हतं.

आबासाहेब, घंटी वाजवू नका. आयुष्यभर तुमची घंटी ऐकली. आज नाही ऐकणार.

केवलशेठ कुठे बसलेत? हां, खांबाशी. शेठ, मान खाली घालू नका, तुम्ही काही वाईट केलेलं नाही. अक्काचं दाणापाणी शेठच्या दुकानातून यायचं. सामन्यांच्या आठ दिवसांचे तांदूळ, डाळ, तेल, सगळं तिनं यांच्याकडून उधार आणलेलं. मंडळानं बुडवलं म्हटल्यावर शेठ स्वतः म्हणाले, अक्का, सावकाश द्या, जमेल तेवढंच द्या. काय म्हणाली ती, शेठ? तुम्हीच मला सांगितलंत. म्हणाली, "शेठ, तुम्ही बी मना घरनाच शेतस. म्हनीसन तुमले मांगे ठेऊ का?" आणि तिनं दोन मोठी तांब्याची पातेली विकली. शेठचा पैसा न पैसा दिला.

ती पातेली गेली आणि तीस जणांची पंगत बारावर आली. उरलेल्यांना, या पोरांनो, दुसरीकडे बघा, असं तिला सांगावं लागलं. सांगताना ती रडली, असं शांता म्हणते. शांता, तिची लेक, इथेच आहे.

आणि त्या बारा पानांत एक पान माझं होतं! लग्न होईस्तोवर चार वर्षं मी तिथं जेवलो. वाटी भरलेली. एक शब्द नाही, एक टोमणा नाही. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. मी तेव्हाच उठून काहीतरी केलं असतं. की नसतं केलं? कोण जाणे.

आता धुळ्याच्या बापूंना मी साक्षीला ठेवतो. बापू त्या वेळी धुळे संघाचे कप्तान. समोर बसलेत. बापू, गेल्या हिवाळ्यात सोनगीरला आपली एस.टी. पंक्चर झाली होती, आठवतं? किल्ल्याकडे तोंड करून आपण शेंगा खात उभे होतो. तुम्ही सहज म्हणालात, "मास्तर, तुमची पेटी रिकामी गेली हे आम्हाला दिसत होतं. अर्धं भाडं दिलं असतं तरी आम्ही पूर्ण पोचल्याची सही केली असती. तुम्ही विचारलंच नाही." खरं ना? विचारलंच नाही आम्ही. एक पोस्टकार्ड टाकायचं सुचलं नाही. आणि मग तुम्ही विचारलंत, "त्या जेवण देणाऱ्या अक्कांचे तर सगळे दिले ना?"

मी हो म्हणालो.

बापू, मी खोटं बोललो. आज सगळ्यांसमोर सांगतो. तीन आणे दिले होते. तेरा आणे राहिले. अजून राहिलेत.

त्या दिवसापासून मला चैन नव्हतं. शेवटी महिन्यापूर्वी, पगार झाल्या दिवशी, गेलो अक्काकडे. ती खाटेवर होती. सगळे पैसे उशाशी ठेवले. म्हटलं, अक्का, हे तुझे तेरा आणे. तिनं पैसे पाहिले. म्हणाली, "तू एकटाच जेवना का रे?"

मी म्हटलं, नाही, मंडळ जेवलं.

"मग मंडळ देई. धोंडूआबाले दिधं का? उस्मानले?"

नाही म्हटलं.

"मग मना पानवर आधी कसाले वाढस?"

पैसे परत माझ्या खिशात कोंबले तिनं. मरणाच्या दारात बसलेली बाई, पण हाताला काय जोर होता! मी चिडलो हो. खरंच चिडलो. म्हटलं, अक्का, हा हट्ट झाला, घे आणि मला मोकळं कर. ती हसली. भाकरी खाऊन जा, म्हणाली. मी न खाता निघून आलो. ती शेवटची भेट. भाकरी न खाता आलो मी, मंडळी. ते काही केल्या जात नाही.

आता आबासाहेबांनी सुरुवातीला सुचवलं की मैदानाच्या फाटकाला अक्काच्या नावाची संगमरवरी फरशी बसवावी. वर्गणीही आजच सुरू करावी. आबासाहेब, तुमचा हेतू चांगला आहे. तुम्ही तिच्या हातचं जेवलात आणि तुम्हालाही लागलंय, मला दिसतं. पण मी अडवणार. देणं ठेवून नाव कोरायचं म्हणजे काय हो? फरशी जरूर बसवा. नंतर.

ओसरीवर आपण नऊ होतो. दोघं देवाघरी गेले. राहिलेले सात, साती आज इथेच आहेत. मी नावं घेत नाही, ज्याचं त्याला ठाऊक. ठरावाची वही मी बरोबर आणलीय, ही. कोणी म्हणेल, जुनी गोष्ट आहे, आता नवे पैसे आले, आणे राहिले कुठे? आणे बंद झाले म्हणून तेरा आणे फिटले असं होत नाही. सातांनी मिळून द्यायचं. धोंडूआबांना, उस्मानभाईंना आणि शांताला. एकाच दिवशी, सारखं. कमी जमलं तर सगळ्यांना सारखंच कमी. कोणाला आधी नाही, कोणाला मागून नाही. आणि घरचे म्हणून थांबा, असं कोणाला म्हणायचं नाही.

झालं. माझं बोलणं संपलं. पाणी द्या कोणीतरी.

आता श्रद्धांजली. एरवी अशा वेळी आपण उभे राहतो. आज उभे राहू नका. तिच्याकडे बसायचो तसे ओळीनं मांडी घालून बसा. आबासाहेब, तुम्हीही खुर्ची सोडून खाली या, माझ्या शेजारी जागा आहे. समोर पान मांडलंय असं समजा आणि हात मांडीवर ठेवा. बोलू नका. किती मिनिटं, ते मी सांगणार नाही. शेवटच्या पानावर वाढून झालं की ती सांगायची, लागा आते. ते सांगायला ती नाही, आणि शेवटच्या पानावर अजून काही पडलेलं नाही. तेव्हा ज्याला ज्याला जे द्यायचंय ते मनाशी ठरेपर्यंत कोणी उठू नये.

अक्का, बसलो आम्ही. हात लावत नाही.