तंबाखू मळायचं यंत्र

तुम्ही नव्या मशिनींचं एवढं कौतुक करताय म्हणून सांगतो. मी कुरकुंभला केमिकल कंपनीत होतो तवाची गोष्ट. बिडी-काडेपेटी गेटवरच काढून घ्यायचे, त्यामुळं आत सगळी भिस्त तंबाखूवर. आमच्या वर्कशॉपात मांडवगणचे किसनआप्पा फिटर होते. त्यांनी भंगारातल्या स्टीलच्या पाइपापासून तंबाखू मळायचं यंत्र केलं. वरून तंबाखू-चुना टाकायचा, हँडल दहा वेळा फिरवायचं, खाली मळलेली तंबाखू तयार.

आम्ही टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात सुपरवायझर साहेब आले. त्यांनी स्वतः हँडल फिरवून बघितलं आन् एकदम खूश झाले.

"वा आप्पा! एरवी तुम्ही लोक तंबाखू मळत दहा-दहा मिनिटं बसता. आता सगळ्यांनी ह्याच्यातच मळायची आन् लगेच कामाला लागायचं."

साहेब गेले आन् सगळे आप्पांकडं बघायला लागले. तळहातावर तंबाखू असली की साहेबसुद्धा हाक मारत नसत. शिफ्टमध्ये बूड टेकायची तेवढीच एक सोय होती.

मी म्हणलं, "आप्पा, हे काय करून ठेवलं?"



दुसऱ्या दिवशी साहेब आले, तर आप्पा भिंतीला टेकून तळहातावर तंबाखू मळतायत.

"यंत्र कुठंय?"

"बिघडलं साहेब."

"मग दुरुस्त करा की! फिटर ना तुम्ही?"

"व्हय, करतो ना," अंगठा सावकाश फिरवत आप्पा म्हणाले, "एवढी मळून झाली की घेतोच हातात."